छपरातील विषाची जबाबदारी कोणाची?

इमारत उभी राहते तेव्हा तिचा मालक कोण, भाडे कोणाला द्यावयाचे, कर कोणी भरावयाचा, हे सारे कागदोपत्री पक्के केलेले असते. पण त्याच इमारतीच्या छपरात, नळांत, भिंतींच्या तावदानांत किंवा बॉयलरवरील वेष्टनात ॲस्बेस्टॉस आहे काय, असल्यास तो कोणत्या अवस्थेत आहे, आणि तेथे राहणाऱ्या, शिकणाऱ्या व दुरुस्तीचे काम करणाऱ्या माणसांचे त्यापासून रक्षण कोणी करावयाचे, या प्रश्नांचे उत्तर भारतातील कायद्यात शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. इमारतीतील ॲस्बेस्टॉस शोधून त्याची नोंद ठेवण्याचे आणि त्याची देखभाल करण्याचे बंधन मालकावर घालणारा देशव्यापी कायदा आपल्या देशात नाही. मालमत्तेचे हक्क काटेकोर आणि मालमत्तेच्या जबाबदाऱ्या संदिग्ध, ही आजच्या समाजव्यवस्थेची रीतच आहे. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत ही रीत माणसांचे प्राण घेते आहे.

ॲस्बेस्टॉस हा जमिनीतून खणून काढला जाणारा तंतुमय खनिज पदार्थ. तो जळत नाही, गंजत नाही, कुजत नाही आणि स्वस्तात मिळतो. म्हणूनच विसाव्या शतकात बांधकाम, जहाजबांधणी, वीजकेंद्रे, रेल्वे अशा सर्वच क्षेत्रांत त्याचा वारेमाप वापर झाला. निळा, तपकिरी आणि पांढरा असे त्याचे व्यापारातील तीन मुख्य प्रकार. भारतात आज घराघरांवर दिसणारा सिमेंटचा पन्हळी पत्रा पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटमध्ये मिसळून तयार होतो. पत्रा कापला, त्याला भोक पाडले, तो फुटला किंवा वर्षानुवर्षांच्या ऊनपावसाने झिजला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात. श्वासावाटे फुप्फुसात गेलेले हे तंतू शरीराला बाहेर टाकता येत नाहीत. फुप्फुसे ताठर करून श्वास कोंडणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा दुर्धर कर्करोग, हे त्याचे परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरविले आहेत. पांढराही त्याला अपवाद नाही. ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात, असा या संघटनेचा २०२४ मधील अंदाज आहे.

या रोगांचे एक वैशिष्ट्य कायद्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते. तंतू शरीरात शिरल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत वीस, तीस, कधी चाळीस वर्षे जातात. तोवर ठेकेदार बदललेला असतो, कंपनी विकली गेलेली असते, इमारत पाडली गेलेली असते आणि कामगार गावी परतलेला असतो. अपघातात तुटलेला हात सर्वांना दिसतो. तीस वर्षांपूर्वी छातीत गेलेली धूळ कोणालाच दिसत नाही. गुन्हा आणि त्याचा परिणाम यांच्यातील हे अंतर भांडवलदारवर्गाने आपल्या बचावासाठी पुरेपूर वापरले आहे. इटलीतील कासाले मोनफेरातो या गावी ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या कारखान्यामुळे शेकडो कामगार व रहिवासी दगावले. तेथील खालच्या न्यायालयांनी कंपनीच्या मालकाला २०१२ व २०१३ मध्ये कारावासाची शिक्षा ठोठावली. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत उलटून गेल्याच्या कारणास्तव ती रद्द केली. कायद्याचे घड्याळ आणि रोगाचे घड्याळ निरनिराळ्या गतीने चालते. म्हणूनच ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत घटना घडून गेल्यावर भरपाई देणारा कायदा पुरा पडत नाही. तंतू हवेत जाण्यापूर्वीच कोणाची जबाबदारी काय, हे ठरविणारा कायदा असावयास हवा.

ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथील ॲस्बेस्टॉस कारखान्यात काम केलेली नेली केरशॉ ही कामगार स्त्री १९२४ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावली. तिच्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉसचे कण सापडले आणि ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. कंपनीने तिला आजारपणात मदत नाकारली आणि मृत्यूनंतरही जबाबदारी नाकारली. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस या सरकारी अधिकाऱ्यांनी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तपासणीचा अहवाल दिला आणि १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये या उद्योगासाठी धूळनियंत्रणाचे नियम झाले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणीच्या परिसरातील मेसोथेलिओमाचे रुग्ण जगापुढे आणले. त्यांत खाणीत कधीही पाऊल न टाकलेली माणसेही होती. तरीही उत्पादन वाढतच गेले. ज्ञानाचा अभाव हे या हत्याकांडाचे कारण नव्हते. ज्यांच्या हाती ज्ञान होते त्यांच्याच हाती नफा होता, हे त्याचे कारण होते.

१९३१ च्या ब्रिटिश नियमांतील मोठी उणीव अशी की ते मुख्यतः ॲस्बेस्टॉसच्या वस्तू बनविणाऱ्या कारखान्यांपुरते होते. ती वस्तू कारखान्याबाहेर पडून इमारतीत बसली, की कायद्याचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नसे. सुतार, नळकाम करणारे, विजेची तार ओढणारे, जुने वेष्टन उपटून काढणारे कामगार उघड्यावर पडले. पुढे कामगार संघटनांच्या आणि पीडितांच्या कुटुंबांच्या दीर्घ लढ्यानंतर तेथे १९८५ मध्ये निळ्या व तपकिरी आणि १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी आली. पण बंदी आली म्हणून आधीच्या इमारतींतील ॲस्बेस्टॉस नाहीसा झाला नाही. त्यासाठी २००२ च्या नियमांत ‘देखभालीचे कर्तव्य’ घालण्यात आले व ते मे २००४ पासून अमलात आले. आज ते २०१२ च्या ॲस्बेस्टॉस नियंत्रण नियमांच्या चौथ्या कलमात आहे.

या कर्तव्याचे स्वरूप लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. राहत्या घरांखेरीज इतर सर्व वास्तू, म्हणजे कारखाने, कचेऱ्या, शाळा, रुग्णालये, दुकाने, तसेच निवासी इमारतींतील जिने व गच्चीसारखे सामाईक भाग यांना ते लागू आहे. मालकी असो वा भाडेकरार, त्या वास्तूच्या दुरुस्तीची जबाबदारी ज्याच्याकडे आहे तो कर्तव्यबद्ध ठरतो. त्याने इमारतीत ॲस्बेस्टॉस कोठे आहे याचा शोध घ्यावयाचा. एखादी वस्तू ॲस्बेस्टॉसची नाही असा सबळ पुरावा नसेल, तर ती ॲस्बेस्टॉसची आहे असेच धरून चालावयाचे. तिची जागा आणि अवस्था नोंदवहीत लिहावयाची, तंतू हवेत जाण्याचा धोका किती हे ठरवावयाचे, लेखी योजना करावयाची, ठराविक काळाने पुन्हा पाहणी करावयाची, आणि जो कोणी त्या वस्तूला हात लावण्याची शक्यता आहे त्या प्रत्येकाला, मग तो एका दिवसासाठी आलेला रंगारी का असेना, ही माहिती आधी द्यावयाची. हे न करणे हा फौजदारी गुन्हा आहे. वेष्टनासारख्या चटकन भुगा होणाऱ्या धोकादायक ॲस्बेस्टॉसचे काम परवानाधारक संस्थेखेरीज कोणालाही करता येत नाही.

या तरतुदीतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुराव्याचा भार उलटविण्यात आला आहे. आपल्या छातीत धूळ कोठून गेली हे सिद्ध करण्याची पाळी कामगारावर येण्यापूर्वीच, छपरात विष नाही हे सिद्ध करण्याची पाळी मालकावर आणलेली आहे. अमेरिकेतही १९८६ च्या एका कायद्यान्वये शाळांची तपासणी, प्रत्येक शाळेसाठी लेखी योजना आणि दर तीन वर्षांनी फेरतपासणी सक्तीची करण्यात आली.

अर्थात भांडवलशाही देशांतील या कायद्यांची भलावण करण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये आजही मेसोथेलिओमाने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. खाजगी घराच्या आतील भाग या कर्तव्याच्या बाहेर आहे. सार्वजनिक इमारतींतील सर्व ॲस्बेस्टॉस चाळीस वर्षांच्या मुदतीत काढून टाकावा, अशी शिफारस तेथील संसदीय समितीने २०२२ मध्ये केली, तेव्हा सरकारने ती मुदत मान्य करण्यास नकार दिला. ‘देखभाल’ या शब्दाआड काढण्याचा खर्च पुढे ढकलण्याची सोय मालकांनी करून घेतली आहे. आणि ज्या काळात श्रीमंत देश आपल्या इमारती स्वच्छ करीत होते, त्याच काळात तोच माल गरीब देशांच्या बंदरांत उतरविला जात होता. कॅनडाच्या खाणी २०११-१२ पर्यंत चालू होत्या आणि त्यांचा माल मोठ्या प्रमाणावर भारतासारख्या देशांत येत होता. कॅनडाने स्वतःच्या भूमीवर बंदी घातली ती २०१८ च्या अखेरीस. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बंदीचा निर्णय दिला. तरी गोयास राज्याने २०१९ मध्ये केवळ निर्यातीसाठी खाण चालू ठेवण्याचा कायदा केला. आपल्या माणसांसाठी जे विष, ते परक्या माणसांसाठी व्यापारी माल, हा साम्राज्यवादी बाजारपेठेचा न्याय आहे. या बाबतीत रशिया आणि कझाकस्तान यांचेही वर्तन वेगळे नाही. आज भारताला मिळणाऱ्या ॲस्बेस्टॉसचा मोठा वाटा त्यांच्याच खाणींतून येतो, ही गोष्ट झाकून ठेवण्याने कामगारवर्गाचा काहीही लाभ होणार नाही.

भारताची स्थिती काय आहे? १९८६ मध्ये केंद्र सरकारने ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणे थांबविले आणि १९९३ मध्ये जुन्या पट्ट्यांचे नूतनीकरण थांबविले. म्हणजे देशाच्या भूमीतून हे खनिज काढणे घातक आहे हे सरकारला मान्य आहे. पण तेच खनिज परदेशातून आणणे त्याला घातक वाटत नाही. भारत हा आज जगातील सर्वांत मोठा ॲस्बेस्टॉस आयात करणारा देश असून अलीकडच्या वर्षांत आयात तीन लाख टनांहून अधिक राहिली आहे. झारखंडमधील पश्चिम सिंहभूम जिल्ह्यातील रोरो टेकड्यांवरील खाण १९८३ मध्ये बंद झाली. मालक निघून गेले, पण खाणीचा कचरा आदिवासी गावांच्या माथ्यावर ढिगांनी पडून राहिला. जबाबदारीविना मालकीचे यापेक्षा उघडे उदाहरण शोधावयास नको.

कामगारांच्या बाजूने एक मोठा निर्णय झाला तो २७ जानेवारी १९९५ रोजी. ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतरचे असेल तोपर्यंत ठेवावी. प्रत्येक कामगाराला आरोग्य विम्याचे संरक्षण असावे. हवेतील तंतूंची अनुज्ञेय मर्यादा केंद्र व राज्य सरकारांनी आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तपासावी आणि दर दहा वर्षांनी पुन्हा तपासावी. रोग सिद्ध झालेल्या कामगारास एक लाख रुपये भरपाई द्यावी, असे आदेश दिले गेले. २०११ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने बंदीचा आदेश देण्याचे नाकारले, पण १९९५ च्या आदेशांची अंमलबजावणी करण्यास सरकारांना पुन्हा बजावले. सोळा वर्षांनंतर तोच आदेश पुन्हा सांगावा लागतो, यातच अंमलबजावणीची कथा आली. मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांच्या तपासणीचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस झाल्याचे आढळले. जेथे कोणी तपासले तेथे रोग सापडला; जेथे तपासलेच नाही तेथे कागदावर रोगही नाही.

तथापि १९९५ च्या निर्णयाचीही एक सीमा आहे, आणि ती १९३१ च्या ब्रिटिश नियमांचीच सीमा आहे. त्याचे आदेश खाणीतील व कारखान्यातील कामगाराचे रक्षण करतात; पत्रा कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला की ते त्याच्या मागे जात नाहीत. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ॲस्बेस्टॉसिस हा कळविणे बंधनकारक असलेला रोग ठरविला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. पण इमारतीतील ॲस्बेस्टॉसचा शोध, नोंद आणि देखभाल यांची जबाबदारी त्याही संहितेने मालकाच्या गळ्यात स्पष्टपणे घातलेली नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस घातक कचरा म्हणून येतो, पण तो ॲस्बेस्टॉसच्या वस्तू बनविणाऱ्या उद्योगाच्या सदराखाली. एखाद्या शाळेच्या छपराचे फुटलेले पत्रे रस्त्याच्या खड्ड्यात भरणीसाठी टाकले गेले, तर ते कोणी पाहावयाचे? ॲस्बेस्टॉसच्या वस्तू सुरक्षितपणे हाताळण्याविषयी आणि त्यांच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीविषयी भारतीय मानक संस्थेने ऐंशीच्या दशकातच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचे पालन न केल्याबद्दल मुकादमाला कोणी जाब विचारल्याचे नाक्यावरच्या मजुराला माहीत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८६ मध्येच १६२ क्रमांकाचा ॲस्बेस्टॉसविषयक करार संमत केला. इमारतीतून ॲस्बेस्टॉस काढण्याचे काम सक्षम म्हणून मान्यता पावलेल्या ठेकेदारानेच, आधी लेखी योजना करून आणि कामगारांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करून करावे, असे त्यात म्हटले आहे. भारत सरकारने हा करार आजतागायत संमत केलेला नाही. रॉटरडॅम कराराखाली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसला घातक मालाच्या यादीत घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा २०११ मध्ये भारताने पाठिंबा दिला आणि २०१३ मध्ये तो फिरविला. या यादीत नाव येणे म्हणजे बंदी नव्हे. आयात करणाऱ्या देशाला धोक्याची आगाऊ माहिती मिळणे एवढाच त्याचा अर्थ. ती माहितीसुद्धा नको, असा ज्या सरकारचा आग्रह, ते कोणाच्या हिताची राखण करीत आहे हे सांगावयास नको.

अज्ञान हेच येथे धोरण बनले आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे सोळा टक्के कुटुंबांच्या डोक्यावर ‘लोखंडी, धातूचे किंवा ॲस्बेस्टॉसचे पत्रे’ असल्याचे नोंदले गेले. लोखंडाचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा यांची गणती एकाच रकान्यात! घराघरांत जाऊन माहिती गोळा करणाऱ्या शासनाला किती कोटी माणसे ॲस्बेस्टॉसखाली झोपतात हे स्वतंत्रपणे मोजावेसे वाटले नाही. ज्याची मोजदाद नाही त्याची जबाबदारीही नाही.

पत्रा उद्योगाकडून तीन युक्तिवाद पुढे केले जातात आणि त्यांचा परामर्श घेणे भाग आहे. पहिला असा की, तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, म्हणून पत्रा निर्धोक आहे. अखंड, न झिजलेला, कोणी हात न लावलेला पत्रा भुगा होणाऱ्या वेष्टनापेक्षा पुष्कळच कमी धोक्याचा, हे खरे आहे. पण असा पत्रा कोठे असतो? बसविताना तो करवतीने कापला जातो, हुक बसविण्यासाठी त्याला भोके पाडली जातात, वादळात तो फुटतो, शेवाळ काढण्यासाठी घासला जातो, आणि आयुष्य संपल्यावर घणाने फोडला जातो. ज्या देशात यांतील प्रत्येक काम विनामुखवटा व रोजंदारीवर होते, त्या देशात ‘नियंत्रित वापर’ हे शब्द निव्वळ फसवणूक होत. दुसरा युक्तिवाद स्वस्ताईचा. गरिबाला दुसरे छप्पर परवडत नाही, असे सांगितले जाते. पत्र्याची किंमत स्वस्त दिसते, कारण रोगाचा खर्च त्या किमतीत धरलेला नसतो. तो कामगाराचे कुटुंब व सरकारी रुग्णालय यांच्या माथी मारला जातो. तिसरा युक्तिवाद रोजगाराचा, आणि कामगार चळवळीच्या दृष्टीने तोच सर्वांत नाजूक. ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या कारखान्यांत हजारो कामगार आहेत व त्यांच्या संघटना आहेत. त्यांची भाकरी हिरावून घेण्याची मागणी कोणताही जबाबदार कार्यकर्ता करणार नाही. परंतु त्यांची भाकरी पत्र्यावर अवलंबून आहे, ॲस्बेस्टॉसवर नव्हे. युरोपमध्ये बंदीनंतर सेल्युलोज व कृत्रिम धागे वापरून सिमेंटचे पत्रे बनविले जाऊ लागले आणि आजही बनविले जातात. हा बदल मालकाच्या खर्चाने व्हावा, एकाही कामगाराची कपात न होता व्हावा, हाच लढ्याचा मुद्दा आहे. कारखान्यातील कामगार आणि वस्तीतील रहिवासी यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा मालकांचा डाव उधळणे हे संघटनेचे काम आहे.

येथे जबाबदारीच्या प्रश्नाची खरी गुंतागुंत समोर येते. ब्रिटिश कायद्याची हुबेहूब नक्कल करून भागणार नाही. तेथे कर्तव्यबद्ध व्यक्ती बहुधा एखादी कंपनी, नगरपालिका किंवा शाळेची संस्था असते. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसखाली राहणारी बहुसंख्य माणसे झोपडपट्टीतील, चाळीतील, खेड्यातील कष्टकरी आहेत. पत्रा त्यांनीच पै-पै जमवून विकत घेतला आहे. ‘मालक तो जबाबदार’ असा सरधोपट नियम केला, तर ज्याला फसवून विष विकले त्यालाच दंड भरावा लागेल आणि विष विकणारा मोकळा सुटेल. स्वच्छतेच्या नावाखाली झोपड्या पाडण्यास नगरपालिकांना आणखी एक निमित्त मिळेल, ते वेगळेच. म्हणून जबाबदारीची वाटणी वर्गीय वास्तव ध्यानात घेऊन व्हावयास हवी. सरकारी व सार्वजनिक इमारती, शाळा, रुग्णालये, कारखाने, रेल्वे व सार्वजनिक उद्योगांच्या वसाहती, भाड्याने दिलेल्या इमारती यांच्याबाबत शोध, नोंद आणि देखभाल यांची संपूर्ण जबाबदारी मालक संस्थेची असावी. गरिबाच्या स्वतःच्या घराबाबत मात्र पत्रे बदलून देण्याचा भार शासनाने उचलावा आणि तो खर्च उत्पादक कंपन्यांवरील खास आकारणीतून वसूल करावा.

असे करता येते याला पुरावा आहे. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे २०२१ रोजी बांधकाम कामगारांच्या खटल्यांत सरकार आणि बांधकाम साहित्याचे उत्पादक या दोघांनाही जबाबदार ठरविले. विशेष म्हणजे कोणाच्याही नोकरीत नसलेल्या, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिरांनाही न्यायालयाने त्या संरक्षणात घेतले आणि त्यानंतर तेथे भरपाईसाठी कायदा करण्यात आला. भारतातील बांधकाम क्षेत्रात मालक कोण हे सांगता न येणारा नाक्यावरचा मजूर बहुसंख्य आहे. त्याच्यासाठी या निर्णयाचे मोल मोठे आहे. देशातही लढ्याची उदाहरणे आहेत. केरळ राज्य मानवाधिकार आयोगाने २००९ मध्ये शाळांवरील ॲस्बेस्टॉसची छपरे बदलण्याचा आदेश दिला होता. बिहारमध्ये मुजफ्फरपूर आणि वैशाली जिल्ह्यांत गावकऱ्यांनी २०१० नंतरच्या वर्षांत नियोजित ॲस्बेस्टॉस कारखान्यांविरुद्ध चिवट आंदोलने केली. २००६ मध्ये क्लेमांसो ही फ्रेंच युद्धनौका तिच्या पोटातील ॲस्बेस्टॉससह गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर तोडणीसाठी निघाली होती. जनमताच्या दडपणाखाली फ्रान्सला ती अर्ध्या वाटेवरून परत न्यावी लागली आणि अखेर ती ब्रिटनमध्ये तोडली गेली. समुद्रावरील एका जहाजाबाबत जे साधले, ते जमिनीवरील लक्षावधी इमारतींबाबत साधणे अशक्य नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असावयास हव्यात. पहिली, ॲस्बेस्टॉसची आयात व नवा वापर निश्चित मुदतीत बंद करावा आणि कारखान्यांतील कामगारांच्या रोजगाराची हमी कायद्याने द्यावी. दुसरी, सर्व सार्वजनिक, औद्योगिक व भाड्याच्या इमारतींत ॲस्बेस्टॉसची पाहणी आणि नोंदवही सक्तीची करावी, शंका असल्यास ॲस्बेस्टॉस आहे असेच धरावे, आणि ती नोंदवही कामगार संघटना, पालक व रहिवासी यांना पाहण्यास खुली असावी. तिसरी, दुरुस्ती व पाडकाम प्रशिक्षित आणि परवानाधारक यंत्रणेकडूनच व्हावे आणि मुख्य मालकाला उपठेकेदाराच्या आड लपता येऊ नये. चौथी, पाडकामातून निघालेल्या ॲस्बेस्टॉसला निःसंदिग्धपणे घातक कचरा ठरवून प्रत्येक जिल्ह्यात त्याच्या विल्हेवाटीची सोय करावी. पाचवी, १६२ क्रमांकाचा करार संमत करावा आणि १९९५ च्या आदेशांच्या अंमलबजावणीचा अहवाल संसदेपुढे ठेवावा. सहावी, भरपाईच्या दाव्याची मुदत रोगाचे निदान झाल्या दिवसापासून मोजावी आणि एक लाखाची जुनी रक्कम आजच्या महागाईनुसार वाढवावी.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखी कामे पुष्कळ आहेत. कारखाना, आगार, वसाहत, शाळा जेथे कोठे संघटना आहे तेथे पत्रे, नळ, वेष्टने यांची साधी यादी कार्यकर्त्यांना करता येईल आणि व्यवस्थापनाला तिच्याबद्दल लेखी विचारणा करता येईल. बांधकाम मजुरांच्या सभांत काही गोष्टी सोप्या शब्दांत सांगावयास हव्यात: पत्रा कोरडा कापू नये, ओला करून हाताळावा, विजेची करवत लावू नये, वरून खाली फेकून फोडू नये, अखंड उतरवावा, भुगा झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावा, कामाचे कपडे घरी नेऊन बायकामुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत, तुटके तुकडे चूल, गोठा किंवा रस्त्याच्या भरावासाठी वापरू नयेत. त्याचबरोबर हेही सांगावयास हवे की घाबरून स्वतःच छप्पर तोडावयास निघणे हे ते तसेच ठेवण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. तसेच मजुराने घ्यावयाच्या काळजीचे निमित्त करून मालकाची जबाबदारी कमी होत नाही. ओले फडके हा तात्पुरता उपाय आहे, कायद्याची जागा तो घेऊ शकत नाही.

आज ज्या तरुण मजुराने पत्रा कापला त्याला खोकला सुरू होईल तो २०५० किंवा २०६० च्या सुमारास. तेव्हा त्याची मजुरी कोणी दिली, पत्रा कोणी बनविला, इमारत कोणाची होती, हे सांगणारा एकही कागद उरलेला नसेल. तो कागद आजच तयार झाला पाहिजे. इमारतीतील ॲस्बेस्टॉसची नोंदवही मागणे ही वरवर पाहता लहानशी मागणी दिसते. पण तिच्या प्रत्येक पानावर मालकाचे नाव आणि त्याचे कर्तव्य लिहिलेले असते, आणि म्हणूनच मालकवर्ग तिला इतका विरोध करतो. ही नोंदवही मिळविण्याचा लढा कारखान्याच्या फाटकापाशी न थांबवता प्रत्येक छपरापर्यंत नेणे हे संघटित कामगारवर्गाचे काम आहे.